पोरं सांभाळणारा कुत्रा

आमच्या कोळीवाड्यात रांगतं मूल बांधून ठेवत. हे वाचून कुणी नाक मुरडू नये. दारापासून पन्नास पावलांवर समुद्र, बाप होडीवर, आई डोक्यावर पाटी घेऊन अलिबागच्या बाजारात. अशा वेळी पोराला बांधायचं नाही तर काय त्याची पूजा करायची? काथ्याच्या दोराचं एक टोक घराच्या मधल्या मेढीला, म्हणजे खांबाला, आणि दुसरं पोराच्या कमरेला. काथ्या कातडीला काचतो म्हणून कमरेपाशी जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली असे. दोराची लांबी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. पोराला उंबरा ओलांडता यावा, अंगणात दोन पावलं टाकता यावीत, पण अंगणाच्या कुडाला हात लागू नये. मी अशीच वाढले, माझी आईही अशीच वाढली. पाचव्या वर्षी पोर पोहायला लागलं की दोर सुटायचा.

माझ्या धाकट्या भावाचा दोर तो अडीच वर्षांचा असतानाच सुटला. तो माझ्यामुळे सुटला. ही गोष्ट मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेली नाही. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे असंही नाही, पण सांगणाऱ्याचं तोंड एकदाचं मोकळं व्हावं एवढीच हाव आहे.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या एक-दोन वर्षं आधीचं हे सांगते आहे. थळच्या शाळेत आमच्या वाड्यातल्या मुली जात नव्हत्या. मी गेले, कारण माझ्या बाला एकदा बाजारात कुणीतरी अंगठा धरून कागदावर टेकवायला लावलं होतं आणि ते त्याच्या मनाला फार लागलं होतं. शाळेत मला दाराजवळ बसवत. माझ्या अंगाला मासळीचा वास येतो म्हणून, हे मास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मला त्याचं काही वाटत नसे. दाराजवळ उजेड चांगला यायचा. दुसरीत माझा पहिला नंबर आला, आणि नेमका तिसरीच्या तोंडावर भाऊ रांगायला लागला.

बांधलेल्या पोरालाही घरात माणूस लागतंच. दोर पायात गुंततो, कधी गळ्यापाशी येतो, कावळा हातातली भाकरी पळवतो. आमच्या घरात म्हातारं माणूस नव्हतं. आई बाजारात गेली नाही तर बाने आणलेली मासळी कोण विकणार? तेव्हा शाळा माझीच सुटली. मास्तर एकदा नाकाला रुमाल लावून आमच्या अंगणापर्यंत आले आणि म्हणाले, "मुलगी हुशार आहे, तिला घरी बसवू नका."

आई म्हणाली, "मंग तुमी येऊन बसता का मास्तर, पोराकरं?"

मास्तर "बघा काहीतरी" म्हणून निघून गेले. त्यांचा राग मला कधी आला नाही. राग आला तो भावाचा. माझं त्याच्यावर प्रेम होतं की नव्हतं, असं विचारू नका. होतं. त्याला कडेवर घेऊन मी वाळूभर हिंडले, त्याचं शेंबडं नाक पुसलं, माझ्या ताटातला माशाचा काटे नसलेला भाग त्याला भरवला. पण सकाळी शाळेत जाणारी पोरं आमच्या कुडापलीकडून पाढे म्हणत जायची, तेव्हा त्या दोराचं दुसरं टोक माझ्याच कमरेला बांधलं आहे असं वाटायचं. दीड वर्ष मी तशी काढली. पुड्याचा कागद सापडला की वाचायची, आणि मग तोंड फुगवून बसायची. आई म्हणायची, "थोबाड बगा पोरीचं, जसं काय हिचं राज्य बुडालं."

त्या वर्षी दिवाळी उलटून गेल्यावर अवेळी वादळ झालं आणि मलबारकडून कौलं घेऊन येणारं एक गलबत खांदेरीच्या खडकावर फुटलं. आमच्या वाड्यातल्या होड्यांनी माणसं काढून आणली. त्यांचं बोलणं आम्हाला कळेना, आमचं त्यांना. दोन दिवस त्यांनी आमच्याकडे भात खाल्ला, हात जोडले आणि रेवसला जाऊन लाँच पकडून ते मुंबईला निघून गेले. जाताना त्यांच्यातला एक जण खांदेरीकडे बोट दाखवून काहीतरी परत परत सांगत होता. आम्ही नुसत्या माना हलवल्या.

तिसऱ्या दिवशी बा डोल, म्हणजे समुद्रात लावून ठेवलेलं मोठं जाळं, काढून परत येत असताना त्याला खडकावर कुत्रा दिसला. ओहोटीत उघड्या पडलेल्या दगडावर उभा होता, आणि भुंकतही नव्हता. बरोबरचे खलाशी म्हणाले, कुत्र्यापायी होडी खडकाला घालतोस का? बाने होडी थोडी लांब उभी केली आणि स्वतः पोहत गेला. "जीव हाय त्यो बी," एवढंच तो म्हणाला म्हणे. दयाळू वगैरे नव्हता माझा बा. आम्हाला मारायचा, आईलाही. पण समुद्रात कुणी अडकलं असेल तर तो मागे वळून आला नाही, असं कधी झालं नाही.

कुत्रा तांबूस होता, छातीवर पांढरा डाग, नाक मीठ खाऊन भेगाळलेलं. पहिला दिवस तो नुसता झोपला. त्याला नाव असणारच, पण ते ज्यांना ठाऊक होतं ती माणसं निघून गेली होती. आई म्हणाली, "मासलीच्या घरात कुत्रा? चोराच्या हातात चाव्या!" पण चोरी त्याने केली नाही. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील सुकत असायचे आणि तो त्यांच्या सावलीत झोपायचा. गलबतावर त्याला मालाला तोंड न लावायची शिस्त लावली असावी. आठ दिवस बघून आईने एका फुटक्या थाळीत पेज ओतली आणि त्याच्यापुढे सरकवली. आमच्याकडे कुत्रा ठेवला असं कोणी म्हणालं नाही. थाळी ठरली की झालं.

मुलांच्या बाबतीत तो खरोखर देवमाणूस होता. देवकुत्रा म्हणा. माझा भाऊ त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा घालायचा, तो परत बाहेर काढायचा आणि स्वतः खायचा. कुत्रा नुसता बघत राहायचा. पोरं त्याच्या कानात बोटं घालत, पाठीवर बसत, शेपटी धरून उभी राहत. एकदाही तो गुरगुरला नाही. कुणाचं पोर रडायला लागलं की हा जाऊन त्याच्याजवळ बसे. भावाचा दोर जिथे संपायचा तिथपर्यंत तो बरोबर जायचा आणि तिथे आडवा पडायचा. भाऊ त्याला "भू" म्हणायचा. आईच्या आधी तो भूला हाक मारायचा, आणि आईला त्याचं वाईटही वाटायचं, हसूही यायचं. शेजारच्या काकी रोज येऊन म्हणायच्या, "कुत्रा हाय का कोन हाय गो यो? मानसाला एवरी माया न्हाय."

त्याला वेड एकच होतं, करवंटीचं. कुणीतरी पोराने एकदा नारळाची करवंटी पाण्यात भिरकावली आणि हा धाडकन लाटेत शिरला. करवंटी दातात धरून आणली, फेकणाऱ्याच्या पायाशी ठेवली आणि दोन पावलं मागे सरून वाट बघत राहिला. परत फेकली, परत आणली. गलबतावर पाण्यात पडलेल्या वस्तू आणायला त्याला शिकवलं असणार. फेकणारा दमायचा, हा दमायचा नाही. करवंटी कुणाच्या हातात असली आणि तो फेकत नसला, तर हा हाताला तोंड लावून, सदरा ओढून त्याच्या मागे लागायचा. हे मला माहीत होतं. वाड्यातल्या झाडून सगळ्या पोरांना माहीत होतं. मोठ्यांना माहीत नव्हतं, कारण मोठ्यांना पोरांचे खेळ बघायला वेळ नसतो.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी आईला म्हटलं, "आये, भू हाय की त्याच्याकरं. मी साळंत जाऊ?" आई म्हणाली, "कुत्रा त्यो कुत्रा." मी पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी पाठीत धपाटा बसला.

मग ती संध्याकाळ आली. ओहोटी होती. आई आणि काकी वलांडीवरचे बोंबील काढत होत्या, मी भावाला सोडून खाली वाळूत घेऊन गेले होते. त्याच्या मुठीत करवंटी होती. ती फेकायची हे त्याला कळत होतं, पण त्या दिवशी तो हटून बसला. मूठ घट्ट धरून, खिदळत, पाण्याकडे चालत सुटला. कुत्र्याने आधी त्याच्या हाताला नाक लावलं, मग सदऱ्याची बाही दातात धरली आणि मागे ओढलं. भाऊ मटकन वाळूत बसला. कुत्रा ओढतच होता. भाऊ हसत होता. मूठ सुटली आणि करवंटी खाली पडली.

वरून आई ओरडत धावत आली. तिने पाहिलं होतं ते एवढंच: पोर पाण्याकडे गेलं आणि कुत्र्याने त्याला ओढून आणलं.

कुत्रा आता करवंटीकडे वळणार होता. मी त्या करवंटीवर पाय ठेवला. माझा पाय लहान होता, करवंटी वाळूत दाबली गेली आणि दिसेनाशी झाली. का ठेवला, हे मला त्या क्षणीही पक्कं ठाऊक होतं. दहा वर्षांच्या पोरीला काही कळत नाही म्हणणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले आहे.

"त्यानं वढला पोराला?" आईने विचारलं. तिला धाप लागली होती.

"व्हय," मी म्हणाले.

आई कुत्र्यापुढे बसली आणि तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं. ती रडत होती. कुत्रा माझ्या पायाकडे बघत होता.

गोष्ट वाड्यात पसरायला वेळ लागला नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत ओढल्याचं वाचवणं झालं, कोरड्या वाळूचं कमरेएवढं पाणी झालं. आणि इथे आम्ही कोळ्यांनी ती चूक केली, जी घाटावरच्या शेतकऱ्याने कधी केली नसती. त्याला पाण्याची भीती असते; आमचा पोहता येणाऱ्यावर आंधळा विश्वास. ज्याला पोहता येतं त्याला पाण्यातलं सगळं कळतं असं आम्ही धरून चालतो. हा तर खडकावर तीन दिवस तगलेला, लाटा फोडून जाणारा कुत्रा. बा म्हणाला, "पोहनारा हाय. पोर पान्यात गेलाच, तरी वढून काढील." बाच्या वर बोलणारं आमच्याकडे कोणी नव्हतं. ज्या माणसांनी सात पिढ्या आपली पोरं बांधून ठेवली, त्यांनी एका संध्याकाळी ठरवलं की दोराची गरज नाही. दोर असला तर गुंता सोडवायला माणूस हवं. दोर नसला तर कुत्रा पुरे. दुपारचा भात काकी भरवतील. आणि पोरगी शाळेत जाईल. आईने माझ्या देखत भावाच्या कमरेची चिंधी सोडली आणि चुलीत टाकली.

पुढे आमच्या ओळीतल्या आणखी दोन घरांनी आपली पोरं सोडली. कुत्रा एक, पोरं तीन. सगळ्यांचं छान चाललं होतं.

मी शाळेत गेले. ते तीन-चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे लिहिताना मला लाज वाटते, पण खोटं किती लिहायचं? तिसरीचं पुस्तक मी पंधरा दिवसांत संपवलं. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा टांगलेला होता आणि त्यात थळ म्हणून एक ठिपका होता. मधल्या सुट्टीत मी त्या ठिपक्यावर बोट ठेवून उभी राहायची. मास्तरांनी मला दाराजवळून उठवून पुढच्या रांगेत बसवलं. पहिले काही दिवस मी सुट्टीत धावत घरी जाऊन बघून येत असे. भाऊ आणि कुत्रा अंगणात लोळत असायचे, काकी हात हलवायच्या. मग माझं रोज जाणं बंद झालं. मग आठवड्यातून एकदा. भाऊही आता नीट धावायला लागला होता, कुत्र्याची शेपटी धरून. करवंटीही दूर फेकायला लागला होता. सगळे कौतुक करत.

आईची एक अट होती. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी भर दुपारी वर येतं, कुडाच्या काठ्यांना लागतं, आणि त्या वेळी वाड्यात पुरुषमाणूस नसतं. त्या दिवसांत बांधायचं. पहिली दोन उधाणं आम्ही बांधलं. भावाने रडून आकांत केला, कुत्रा त्याच्याजवळ बसून कण्हत राहिला, काकींचे कान किटले. तिसऱ्या उधाणाला कुणी आठवणही काढली नाही. मला आठवण होती. पण बोलून आपलीच शाळा कशाला घालवा, असं मनाशी म्हणून मी दप्तर उचललं.

शिमगा झाला. पाडवा एका दिवसावर आला होता, अमावास्येचं उधाण होतं, आणि माझी गणिताची परीक्षा होती. सगळी गणितं बरोबर आली. मास्तरांनी तपासून पाटीवर मोठी रेघ ओढली. ती पाटी आईला दाखवायची म्हणून, पुसली जाऊ नये म्हणून, मी हातात उताणी धरून घरी आले. मधली सुट्टी होती. भरती नुकती थांबली होती आणि पाणी कुडाच्या पलीकडे लपलपत होतं.

कुत्रा कुडाच्या फटीशी बसला होता. नखशिखांत ओला. समोर करवंटी ठेवलेली. मला बघून तो उठला, शेपटी हलवली आणि दोन पावलं मागे सरला.

मी पाटी कट्ट्यावर ठेवली आणि करवंटी उचलून पाण्यात फेकली. त्याने आणून दिली. मी परत फेकली. माझा आनंद पोटात मावत नव्हता, कुणाशी तरी खेळायचं होतं. दुसऱ्यांदा त्याने करवंटी आणून ठेवली तेव्हा मी भावाला हाक मारली. मग काकींना. काकी वलांडीच्या पलीकडच्या टोकाला सुकते बोंबील उलटत होत्या. त्या म्हणाल्या, "तितंच हाय की! आताच भात भरवलाय. भूशी खेलतंय."

पुढचं मी सविस्तर लिहिणार नाही. वाड्यातल्या बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. आई बाजारातून रिकामी पाटी घेऊन येत होती, तिला वाटेतच कळलं. पाणी ओसरायला लागल्यावर, दिवस मावळायच्या आधी, नांगरून ठेवलेल्या एका होडीच्या दोराशी तो सापडला. अंगात सदरा तसाच होता. मी त्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या बघितल्या. बायका मला मागे ओढत होत्या, तरी मी बघितल्या. कुठेही दाताची खूण नव्हती, एक धागाही उसवला नव्हता. कुत्र्याने त्याला ओढलंच नव्हतं. कशाला ओढेल? मुठीत काही नव्हतंच. करवंटी फेकून झाली होती, आणि ती त्याने इमानाने परत आणली होती.

एवढी लहान मुलं आमच्यात पुरतात. उंडीच्या झाडाखाली वाळूत जागा होती. बा समुद्रावर होता, तो तिसऱ्या दिवशी आला. तोपर्यंत वाड्यातल्या लोकांनी कुत्र्याला हाकललं होतं, एकाने वल्ह्याने मारलं होतं, तो लंगडत होता. तरी परत येत होता. त्याला खेळायला कोणी भेटत नव्हतं म्हणून तो आईपाशी गेला आणि करवंटी तिच्या पायाशी ठेवून मागे सरला. बाने कोयता उचलला. आईने त्याचा हात धरला.

"त्याचं काय चुकलं?" ती म्हणाली. "पोर सांबालाया ठेवलाय तुला, आसं त्याला कोनी सांगितलं व्हतं? त्यो बी पोरच व्हता. पोराकरं पोर ठेवलं आपन."

यापेक्षा खरं मी पुढे कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही. मुलांना चांगला, मुलांना चांगला, म्हणून आम्ही सगळे नाचलो होतो. मुलांना चांगला होता कारण तो त्यांच्यातलाच होता. आईची जागा त्याने कधी मागितली नव्हती. ती मी त्याला दिली होती, करवंटीवर पाय ठेवून.

बा दुसऱ्या दिवशी त्याला होडीत घालून घेऊन गेला. दक्षिणेला जाणारं एक गलबत उभं होतं, त्यावर दिला म्हणाला. खरं-खोटं समुद्राला ठाऊक. आम्ही कोणी विचारलं नाही. शेजारच्या दोन घरांनी आपली पोरं त्याच संध्याकाळी बांधली, आणि ती पोरं चार दिवस "भू, भू" करून रडली. काकी म्हणत, समुद्रातनं काढून आणलेलं कुत्रं होतं, समुद्राने त्याचा बदला घेतला. वाड्यात सगळ्यांना ते पटलं. मला त्या म्हातारीचा असा संताप आला की मी तिच्याशी वर्षभर बोलले नाही. समुद्राने काही घेतलं नव्हतं. पण "समुद्राने नाही, मी" असं म्हणायला जे धैर्य लागतं ते माझ्याकडे नव्हतं, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. काकींना आयुष्यभर वाटत राहिलं की आपलं लक्ष नव्हतं म्हणून पोर गेलं. त्यांनी पुन्हा कुठल्याच पोराला भात भरवला नाही. मी एका वाक्याने त्यांचं ओझं उतरवू शकत होते. उतरवलं नाही.

आईला सांगायचं म्हणून मी पुष्कळदा तिच्याजवळ जाऊन बसले. ती जाळं विणताना, मासळी निवडताना, पुढे आजारी पडून खाटेवर असताना. ती म्हणायची, "काय गो?" मी म्हणायची, "काय न्हाय." शेवटी ती गेली, आणि सांगायचं राहिलं. राहिलं म्हणते आहे, पण खरं म्हणजे मी राहू दिलं.

भाऊ गेल्यावर बारा-तेरा दिवस मी घराबाहेर पडले नाही. शाळेचं नाव काढलं नाही. मनात म्हटलं, आता शिकायचं नाही, जन्मभर अडाणी राहायचं, एवढी तरी शिक्षा आपण आपल्याला द्यायची. कट्ट्यावरची पाटी कुणीतरी आत आणून ठेवली होती. तिच्यावरची रेघ मी थुंकी लावून पुसून टाकली. मग एका सकाळी आई बाजारात जायच्या आधी माझ्यामागे येऊन बसली आणि माझे केस विंचरायला लागली. दोन आठवड्यांच्या जटा झाल्या होत्या. ती एकेक गाठ सोडवत होती, दुखू नये म्हणून मुळाशी धरून. वेणी घालून झाल्यावर तिने माझ्या हातात दप्तर दिलं.

"जा," ती म्हणाली. "साळंत जा आता. घरात हाय कोन सांबालाया?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तिचं तोंड नीट बघितलं, शोधला, नव्हताच. असता तर मी घरी राहिले असते.

मी निघाले. पाय ओढत, खाली मान घालून, लोकांच्या दारांवरून. उंडीच्या झाडाकडे बघितलं नाही. वळणावर आले आणि शाळेची घंटा झाली. उशीर झाला होता. आत पोरांनी पाढे म्हणायला सुरुवात केली, माझ्या छातीत काहीतरी उडी मारून वर आलं, आणि मी दप्तर पोटाशी धरून धावत सुटले.